फुकटच्या धड्यांचा वाटा

सोमवार, ७ एप्रिल

वरचा पंधरा, खालचा नऊ.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी रक्तदाबाचा आकडा (दीडशेला त्या नुसतं पंधरा म्हणतात) रोज लिहून ठेवायला सांगितला आहे. कल्तूमने शाळेतली एक वही दिली. एका आकड्यासाठी आख्खं पान वापरायचं माझ्या जिवावर येतं, म्हणून उरलेल्या जागेत काहीबाही लिहितो आहे. माझं शिक्षण मशिदीतल्या लाकडी पाटीवर झालं, पुढे दोन वर्षं फ्रेंच शाळा. तेवढ्यावर जमेल तसं लिहीन.

दाब का वाढतो ते डॉक्टरीणबाईंनी विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगितलं असतं. कल्तूम माझी धाकटी मुलगी. गावच्या शाळेत लहान मुलांना इंग्रजी शिकवते, पण नेमणूक कच्ची आहे. तिकडे तिंझेरी गावच्या शाळेत ताहरा नावाची मुलगी आहे, तिचीही कच्चीच. पुढच्या वर्षापासून दोन्ही गावांना मिळून एकच मास्तरीण ठेवणार आहेत. महिनाअखेरीस अद्रार शहरातून तपासणीस येणार, दोघींचा एकेक धडा बघणार आणि एकीला ठेवणार.

कल्तूमला नाही ठेवलं, तर तिचा भाऊ तिला वहरानला घेऊन जाणार. समुद्राकाठचं गाव, एक दिवस एक रात्र गाडी. मग या घरात मी आणि माझी बायको मसऊदा. मसऊदा अर्धा दिवस माझ्याशी बोलत नाही, उरलेला अर्धा बोलते तेव्हा मीच तिथून उठून जातो.

गुरुवार, १० एप्रिल

वरचा पंधरा.

आज कल्तूमशेजारी बसून तिचे ते फोनवरचे धडे पाहिले. फोन पाण्याच्या मडक्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर पांढऱ्या केसांची एक बाई बाजारात उभी, हातात टोमॅटो. एकच वाक्य ती तीनदा म्हणाली आणि तिसऱ्यांदाही पहिल्याइतक्याच मायेने म्हणाली. आमच्या मशिदीतल्या गुरुजींच्या हातात खजुरीची काडी असे. दुसऱ्यांदा विचारायची कुणाची छाती नव्हती.

"ही बाई कोण?" मी विचारलं.

"ठाऊक नाही, बाबा."

"हिला पगार कोण देतं?"

"असेल कुणी. शिकणाऱ्याने काही द्यायचं नाही."

"फुकट?"

"फुकट."

"मग त्या बदल्यात घेतात काय? बापाचं नाव विचारलं का? माझं नाव दिलंस?"

"तुमचं नाव घेऊन ते काय करतील, बाबा?" कल्तूम हसून म्हणाली.

मला हसू आलं नाही. पण मग तिने आणखी एक पान दाखवलं, मास्तरांनी मास्तरांसाठी लिहिलेलं. कुठल्याशा डोंगरातल्या गावचा एक मास्तर लिहितो, माझ्या वर्गात साठ मुलं, पुस्तकं चार, म्हणून मी खडे मांडून असं असं शिकवतो, तुम्हाला उपयोग झाला तर घ्या. त्याखाली दुसऱ्या देशातली एक बाई लिहिते, घेतलं, मुलं खूश झाली, माझ्याकडून ही चित्रं घ्या. कल्तूम वाचत होती, अर्थ सांगत होती, आणि मी त्या मास्तराचा विचार करत होतो. दिवसभर साठ मुलांसमोर ओरडून घसा बसलेला माणूस घरी येतो आणि न पाहिलेल्या माणसांसाठी हे लिहीत बसतो. वाटसरूसाठी आपण भिंतीशी पाण्याची घागर ठेवतो, तशी त्याने आपली युक्ती ठेवली आहे. अशी माणसं आहेत हे मला सत्तराव्या वर्षी कळलं.

चित्राखाली एक लाल रेघ असते. ती पुढे पुढे सरकते आणि शेवटाला पोचली की बाई जाते. कल्तूम म्हणाली, "संपत आलं, आता उद्या."

म्हणजे संपतं. हे मी लक्षात ठेवलं.

रविवार, १३ एप्रिल

आकडा घ्यायचा राहिला, घरात जागाच नव्हती.

कल्तूमने शेजारच्या बायकांना बोलावलं आहे. म्हणे मुलं घरी जाऊन इंग्रजी बोलतात तेव्हा आयांना काही कळत नाही, म्हणून आयाही शिकणार. अंगणात सात-आठ बायका, मधे फोन, त्यावर ती पांढऱ्या केसांची बाई. माझ्या मित्राची, बहूसची बायको तर चुलीवरचं कुसकुस तसंच टाकून आली होती.

संध्याकाळी बागेत बहूस भेटला. तो आमच्या फोगाऱ्याचं, म्हणजे जमिनीखालच्या बोगद्यातून गावाला येणारं पाणी मोजतो, आणि उरलेला वेळ माझी टिंगल करतो.

"अंबारेक, तुझ्या घरचा कोंबडा सकाळी इंग्रजीत आरवला म्हणे?"

"तुझ्या घरचं कुसकुस करपलं म्हणे?"

"करपलं. मी तक्रार केली तर माझ्याच घरात मला सॉरी म्हणाली. चाळीस वर्षांत तिने अरबीत हा शब्द कधी काढला नव्हता. शिकू दे रे, शिकू दे."

मसऊदाची मात्र काळजी वाटते. ती चुलीपाशी एकटीच पुटपुटत असते, मी गेलो की गप्प होते. वय झालं. डॉक्टरीणबाईंना सांगायला हवं.

बुधवार, १६ एप्रिल

वरचा सोळा.

आज कंगव्याशी उभा होतो तेव्हा मला सगळं लख्ख कळलं. फोगाऱ्याचं पाणी बोगद्यातून वर येतं तिथे ते वाटून देणारा आमचा दगडी कंगवा आहे. ज्याच्या वाडवडिलांनी जेवढं खणलं तेवढ्या रुंदीची फट त्याची. एकाची फट बोटभर रुंद केली की दुसऱ्याच्या बागेत तेवढं पाणी कमी. यावरून आमच्या गावात भावाभावांनी तोंडं पाहणं टाकलेलं आहे. आणि कल्तूमने काय केलं? आपल्या फटीवर आठ बायका आणून बसवल्या. तपासणीस दहा दिवसांवर आला.

जेवताना मी तिला सांगितलं.

"बाबा, धडे असे संपत नाहीत. हजार माणसांनी पाहिले तरी तेवढेच राहतात."

"तूच म्हणालीस संपलं."

"त्या दिवसाचा धडा संपला. कधी कधी माझं नेट संपतं. धडे तिथेच असतात."

"तिथे म्हणजे कुठे?"

तिने नुसता हात हवेत फिरवला. पोरगी शिकलेली आहे, पण कंगव्याशी कधी उभी राहिलेली नाही. घेतलं की कमी होत नाही अशी एक तरी गोष्ट दाखव म्हटलं.

"तुमची काळजी," मसऊदा आतून म्हणाली. "गावभर वाटता, पण कमी झालेली नाही."

मी ताट सारून उठलो.

मंगळवार, २२ एप्रिल

वरचा चौदा! कितीतरी दिवसांनी.

आज मी घरासाठी एक चांगलं काम केलं. कल्तूम शाळेत होती, मसऊदा बागेत. दारावर थाप पडली. बघतो तर ती ताहरा. तिंझेरीहून सामानाच्या गाडीत बसून आलेली, डोळ्यांपर्यंत धूळ. हातात बोटाएवढी ती काठी, तिच्यात म्हणे पुष्कळ काही मावतं.

"काका, कल्तूमला सांगितलं होतं मी. ते बाजाराचे धडे, आवाज, चित्रं, सगळं यात भरून घ्यायचं आहे. आमच्याकडे नेट फारच हळू चालतं."

मी म्हणालो, "संपलं, पोरी."

"काय संपलं?"

"धडे. आमच्या वाट्याचे होते ते संपले."

ती माझ्याकडे बघत राहिली. मला वाटलं वाद घालेल. पण वडीलधाऱ्या माणसापुढे काय बोलणार? खालच्या आवाजात म्हणाली, "बरं, काका. कल्तूमला सलाम सांगा." गाडीवाला थांबलाच होता. मी तिला चहाही विचारला नाही हे ती गेल्यावर आठवलं. पण चहा विचारला असता तर ती बसली असती, आणि बसली असती तर कल्तूम आली असती.

कल्तूमला सांगितलेलं नाही. तपासणी झाल्यावर सांगेन, तेव्हा तिलाही बरं वाटेल.

गुरुवार, २४ एप्रिल

आकडा लिहीत नाही.

कालपासून वाळूचं वादळ आहे. खिडक्यांच्या फटींत चिंध्या कोंबल्या, तरी भाकरीत वाळू कचकच करते. टेकडीवरचा फोनचा मनोरा बिघडला आणि फोन सगळे मुके झाले. कल्तूम फोन वर धरून अंगणभर फिरली. नेट नाही म्हणजे ती बाई नाही, बाजार नाही, आवाज नाही. रविवारी तपासणीस येणार. मुलांनी तो बाजारातला संवाद ऐकायचा आणि मग आपला बाजार भरवायचा, असा तिचा धडा बसवलेला. मी म्हटलं, तूच बोलून दाखव की. ती म्हणाली, मुलांना परक्या माणसाचं बोलणं कानाने कळतं का, हेच तर तपासणीस बघणार.

मग बसली आणि म्हणाली, "चूक माझीच. रोज नेटवरूनच लावत गेले, फोनमध्ये जागा नाही म्हणून उतरवून घेतलं नाही. ताहरा मंगळवारी काठी घेऊन येणार होती. तिच्यासाठी भरताना माझ्यासाठीही एक प्रत शाळेच्या संगणकावर ठेवणार होते. ती आलीच नाही. तिला वाटलं असेल, आपण दोघी एकाच जागेसाठी, कशाला जा."

मी खोलीत जाऊन पडलो. वादळाचा आवाज होता, म्हणून बरं झालं.

थोड्या वेळाने बाहेर मसऊदाचा आवाज ऐकू आला. ती बाजारातला संवाद म्हणत होती, आधी त्या बाईचं बोलणं, मग दुकानदाराचं, पुन्हा बाईचं. सगळा पाठ. पुटपुटणं ते हे होतं तर. कल्तूम रडता रडता हसू लागली. "आई, तुझा आवाज तपासणीस ओळखतील गं, तू त्यांना चहा देणार आहेस." मसऊदा म्हणाली, "मग चहा तुझे वडील देतील. बघू दे त्यांनाही एकदा कुणाला चहा देऊन."

तिला काही कळलं आहे की काय कोण जाणे. मंगळवारी बागेतून येताना तिने ती गाडी पाहिली असेल.

शुक्रवार, २५ एप्रिल

नमाजनंतर बहूसला सगळं सांगितलं. वाटलं होतं, तो तरी माझ्या बाजूने बोलेल. पाणी मोजणारा माणूस.

त्याने दाढी खाजवली. मग म्हणाला, "अंबारेक, तू कंगव्यातून नमाजची बांग मोजायला निघालास रे."

"म्हणजे काय?"

"पहिल्या रांगेतल्याने ऐकली म्हणून शेवटच्या घराला कमी ऐकू येते का?"

तो पुढे म्हणाला, "आणि तसं पाणी असतं तरी. तहानलेल्या माणसाला कंगव्याशी बसून प्यायला आपल्याकडे कधी कुणी अडवलं आहे? वाटा बागेचा असतो. ओंजळीचा नसतो."

हे मला ठाऊक होतं. मी पाच वर्षांचा असताना माझ्या बापाने मला हे सांगितलं होतं. एवढी साधी गोष्ट दारात उभ्या पोरीच्या वेळी मला का सुचली नाही?

शनिवार, २६ एप्रिल

सकाळी कल्तूमला सांगितलं. तिने ओरडायला हवं होतं. ती फक्त म्हणाली, "बाबा, ती दीड तास उन्हातून आली होती." आणि भांडी घासायला गेली.

वारा पडला होता. बहूसची जुनी गाडी काढली. रस्त्यावर वाळूचे ढीग, दोनदा उतरून फावडं मारलं. वाटभर मी काय बोलायचं ते पाठ करत होतो. बहूस म्हणाला, "इंग्रजीत म्हण, तिला आवडेल." मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

ताहरा शाळेच्या ओट्यावर वाळू झाडत होती. मला पाहून झाडू ठेवला, ओढणी सारखी केली.

"पोरी, त्या दिवशी मी खोटं बोललो," मी म्हणालो. पाठ केलेलं बाकीचं सगळं विसरलो.

"ठाऊक आहे, काका."

"ठाऊक आहे?"

"तुम्ही दारात उभे होतात आणि तुमच्यामागे भिंतीवर ती चित्रं चिकटवलेली होती. मला त्यावर छापलेलं नेटवरच्या पानाचं नाव वाचता येत होतं. गाडीत बसले तेव्हा आधी हसू आलं, मग रडू." ती हे सहज म्हणाली, टोचून नाही. "दुसऱ्या दिवशी वादळाच्या आधी पहाटे शाळेच्या गच्चीवर चढले. तिथे थोडं नेट येतं. सगळं उतरवून घेतलं. ते तर सगळ्यांसाठीच आहे ना, काका. तुमच्या घरी येत होते ते फक्त सोपं पडतं म्हणून."

मग मी मनोऱ्याचं सांगितलं, उद्याचं सांगितलं. मागायला तोंड नव्हतं, आणि मागावंही लागलं नाही. ती आत गेली आणि ती बोटाएवढी काठी आणून माझ्या तळहातावर ठेवली.

"माझी तपासणी सोमवारी आहे. उद्या संध्याकाळपर्यंत परत पाठवा म्हणजे झालं."

"आणि तुला कमी पडलं तर?" हा प्रश्न माझ्या तोंडून निघालाच. सवय.

तिने बहूसकडे पाहिलं, बहूसने आकाशाकडे.

"यात आहे तेवढं कल्तूमकडे जाईल, काका, आणि यातही राहील."

"पण पोरी, जागा एकच आहे."

"जागा एकच आहे," ती म्हणाली. "धडे नाहीत."

तिने आम्हाला चहा दिला. रिवाजाचे तीनही पेले, सावकाश. मला प्रत्येक पेला जड गेला.

रविवार, २७ एप्रिल

तपासणीस आले. बारीक माणूस, बुटातली वाळू काढण्यातच बराच वेळ गेला.

मी शाळेच्या भिंतीला टेकून बाहेर बसलो. बहूसने लग्नातला भोंगा आणून दिला होता, त्यातून त्या पांढऱ्या केसांच्या बाईचा आवाज आला तेव्हा समोरून जाणारं गाढव थबकलं. मग मुलांचा बाजार भरला. टोमॅटो नव्हते, खजूर होते. पैशांऐवजी खजुराच्या बिया. ती बियांची कल्पना त्या डोंगरातल्या मास्तराच्या खड्यांवरून घेतलेली, हे मला तरी कळलं. एरवी तोंड न उघडणारी शिंपिणीची मुलगी एका बीसाठी तपासणीसांशी घासाघीस करू लागली. घासाघीस चालली आहे हे कुठल्याही भाषेत कळतं. तपासणीस हरले. त्यांनी जास्तीची बी दिली.

मला वाटत होतं आत कल्तूम एकटी शिकवते आहे. पण ऐकता ऐकता जाणवलं, आत गर्दी आहे. ती बाई आहे, तो मास्तर आहे, चित्रं देणारी आहे, ताहरा आहे. यांतल्या एकाचीही कल्तूमशी ना सोयरीक, ना ओळख, ताहराचा अपवाद सोडला तर. आणि तरी सगळे तिच्या मागे उभे.

चहा मीच दिला. तीनही पेले.

संध्याकाळी काठी परत द्यायला बहूसबरोबर कल्तूम स्वतः गेली. रात्री तिथेच राहिली.

मंगळवार, २९ एप्रिल

वरचा पंधरा.

कल्तूम परत आली. म्हणाली, "बाबा, ताहराचा धडा माझ्यापेक्षा चांगला झाला." मी विचारलं, हे तपासणीसांना कळलं असेल का? ती माझ्याकडे अशा नजरेने बघत राहिली की मी आकडा घेण्याच्या निमित्ताने आत गेलो.

गुरुवार, ८ मे

पत्र आलं. कल्तूमला ठेवलं. कारण दिलेलं नाही. आमच्या शाळेत मुलं जास्त आहेत, तेच असेल.

मसऊदाने आनंदाने जीभ हलवून जी किलकारी दिली ती तीन गल्ल्या ऐकू गेली. बायका आल्या, खजूर वाटले. मला आनंद झाला. लिहून ठेवतो, झाला. कल्तूम वहरानला जाणार नाही. आठवड्यातले दोन दिवस तिंझेरीला जाऊन शिकवेल. दुपारी जेवायला ताहराकडेच जाणार, असं त्या दोघींचं ठरलंसुद्धा. हे ऐकलं आणि हातातला खजूर हातातच राहिला.

शनिवार, १० मे

मी कल्तूमला म्हटलं, "आपण यांच्याकडून एवढं घेतलं. आपण खणलं काय?"

तिला पहिल्यांदाच माझं म्हणणं एका फटक्यात कळलं. दुपारभर बसून तिने बियांच्या बाजाराचा धडा लिहून काढला, कसा मांडायचा, लाजऱ्या मुलांना आधी विकणारं करायचं की घेणारं, सगळं. मास्तरांच्या त्या पानावर ठेवून दिला. खाली दोन नावं घातली, आधी ताहराचं.

मी विचारलं, कुणी वाचेल का? ती म्हणाली, ठाऊक नाही. ठाऊक नसताना एवढी मेहनत! आता ही पण त्यांच्यातली झाली.

बुधवार, १४ मे

वरचा सोळा, सकाळी. संध्याकाळी घेतलाच नाही.

खजुराची एक टोपली घेऊन तिंझेरीला गेलो, एकटाच, सामानाच्या गाडीत. दीड तास. धूळ डोळ्यांपर्यंत येते हे खरं आहे.

ताहराच्या घराचं दार उघडं होतं, पण अंगणात बायका बसलेल्या, म्हणून मी आत गेलो नाही. गल्लीतल्या मातीच्या ओट्यावर बसलो. आतून ताहराचा आवाज येत होता. शाळेतली जागा गेली, तर तिने गावातल्या बायकांना गोळा केलं आहे. टोपली आत पाठवावी म्हणून एका मुलीला हाक मारणार होतो, तेवढ्यात फोन सुरू झाला आणि ती पांढऱ्या केसांची बाई बोलू लागली. मी हाक मारली नाही.

नवा धडा होता. मी आधी ऐकलेला नव्हता. पण महिनाभर कानावर पडतं आहे, त्यामुळे थोडं कळलं. ती म्हणाली, मी बरी आहे. मग म्हणाली, आणि तुम्ही? तुम्ही कसे आहात? आणि थांबली.

आतल्या बायकांनी एका सुरात उत्तर दिलं. कुणीतरी हसलं, ताहरा म्हणाली, "अगं घाबरतेस काय, ती चावत नाही. पुन्हा लावते." तिने पुन्हा लावलं. बाईने पुन्हा विचारलं, पहिल्याइतक्याच मायेने, आणि पुन्हा थांबली.

गल्लीत कुणी नव्हतं. मी दोन्हीकडे नीट पाहून घेतलं. मग त्यांच्या भाषेत उत्तर दिलं, हळू, पण पूर्ण वाक्य.

छान, बाई म्हणाली.

ती सगळ्यांनाच छान म्हणते, मला ठाऊक आहे. तिला मी ऐकू गेलो नाही, हेही ठाऊक आहे. तरी मी टोपली मांडीवर घेऊन तिच्या पुढच्या प्रश्नाची वाट बघत बसलो.